बांगाई कार्डिनल: घरच्या पैदासीच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४

टाकी आज भरली. तीन फुटी, सव्वाशे लिटरची. पुण्यात समुद्र करायचा म्हणजे आधी नळाच्या पाण्यातलं सगळं आरओने काढून टाकायचं आणि मग विकतचं मीठ घालायचं. लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे चार किलोच्या आसपास सॉल्ट मिक्स गेलं. क्षारता ३४ पीपीटी (हजार भागांत ३४ भाग मीठ), तापमान २६. खाली बारीक वाळूचा पातळ थर, खडक सगळे कृत्रिम. जिवंत प्रवाळ ठेवायचा प्रश्नच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कठीण प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघ जिथे आहे तिथेच. "मॅडम, छोटासा तुकडा आहे, काही होत नाही" म्हणणारे भेटतात. त्यांना नमस्कार करून पुढे जायचं.

पुढचे काही आठवडे टाकीत मासा नाही. अमोनियाचे थेंब घालायचे, तो विषारी अमोनिया मोडणारे जिवाणू वाढू द्यायचे आणि वाट बघायची.

प्रकल्प थोडक्यात: बांगाई कार्डिनल या समुद्री माशाची जोडी जमवणे, नराच्या तोंडातून आलेली पिल्लं (याचा नर अंडी तोंडात सांभाळतो) वाढवणे आणि ती इथल्या हौशी लोकांना देणे, म्हणजे त्यांना समुद्रातून पकडलेला मासा घ्यायची गरज पडणार नाही.

१० नोव्हेंबर

रिकाम्या टाकीसमोर बसून वाचन.

मासा तळहातावर मावणारा, आठ सेंटिमीटरच्या आतबाहेर. चंदेरी अंग, त्यावर तीन उभे काळे पट्टे. पहिला पट्टा थेट डोळ्यातून जातो. पंख लांब आणि काळे, त्यांवर पांढरे ठिपके. शेपटी खोल दुभंगलेली. फारसा पोहत नाही, एका जागी तरंगत राहतो. कार्डिनल कुळातले बहुतेक मासे रात्री खातात. हा दिवसा खातो, मुख्यतः पाण्यातून वाहत येणारे कोपेपॉडसारखे बारीक जीव.

वॉल्टर काउडर्न नावाचे स्वीडिश अभ्यासक १९१७ ते १९२० मध्ये इंडोनेशियातल्या सुलावेसीत फिरत होते. १९२० मध्ये बांगाई बेटावर त्यांना याचे दोन नमुने मिळाले. १९३३ मध्ये मत्स्यतज्ज्ञ कौमान्स यांनी त्यांचं शास्त्रीय वर्णन केलं आणि नाव ठेवलं टेरापोगॉन काउडर्नी. त्यानंतर जवळजवळ साठ वर्षं या माशाचं कुणी नावही काढलं नाही. १९९४ मध्ये मत्स्यतज्ज्ञ जेरल्ड ॲलन बांगाईला गेले, फोटो काढले, पुढच्या वर्षी लेख आला. आणि मग काही थोड्या वर्षांत हा मासा जगभरच्या मत्स्यालयांच्या दुकानांत होता. शोध आणि बाजार यांच्यात इतकं कमी अंतर मी दुसऱ्या कुठल्या माशाबद्दल वाचलेलं नाही.

इंडोनेशियात याला चापुंगान म्हणतात. चापुंग म्हणजे चतुर, तो पंखवाला कीटक. माशाचे पंख बघितल्यावर हे नाव कुणी समजावून सांगायला नको.

१७ नोव्हेंबर

अमोनिया उतरला, नायट्राइट चढला. ठरल्याप्रमाणे चाललंय. वाळूवर तपकिरी शेवाळाचा थर आलाय, तो येतोच.

२४ नोव्हेंबर

आज नकाशा काढून बसले. सुलावेसीच्या पूर्वेला, विषुववृत्ताच्या थोडं दक्षिणेला बांगाई द्वीपसमूह. या माशाचं मूळ घर एवढंच. तेही बेटांच्या आडोशाचे उथळ, शांत भाग: एक-दोन मीटर खोलीचं समुद्रगवत, तुटक्या प्रवाळांचे ढीग, धक्क्यांचे खांब. सहा मीटरच्या खाली तो क्वचितच दिसतो. बेटांमध्ये मात्र खोल पाणी आणि जोराचे प्रवाह आहेत आणि ते तो ओलांडत नाही.

का ओलांडत नाही, हा खरा प्रश्न. प्रवाळातले बाकीचे मासेही मोठेपणी कुठे जात नाहीत. क्लाउनफिश आयुष्यभर एका समुद्रपुष्पात (सी ॲनिमोन, फुलासारखा दिसणारा प्राणी) बसून असतो. पण त्याची अंडी आठवड्याभरात फुटतात आणि काचेसारखी पारदर्शक पिल्लं दीड-दोन आठवडे प्रवाहाबरोबर वाहत जातात. बस्तान नव्या जागी बसतं ते त्या वाहण्यामुळे. कार्डिनल कुळातल्या इतर माशांचे नरही अंडी तोंडात धरतात, पण थोडे दिवसच. मग इवलाली पिल्लं उघड्या समुद्रात.

बांगाईने हा टप्पाच गाळलाय. मादी घालते जेमतेम चाळीस-पन्नास अंडी, कधी त्याहून जास्त, पण नव्वदच्या पलीकडे नाही. अंडं मात्र तीन मिलिमीटरचं, म्हणजे माशाच्या मानाने प्रचंड. ते साधारण वीस दिवसांनी फुटतं, पण पिल्लू बाहेर येत नाही. पोटाला चिकटलेला बलक संपेपर्यंत आणखी आठ-दहा दिवस ते बापाच्या तोंडातच राहतं. बाहेर पडतं ते पट्टे, पंख, ठिपके सगळं घेऊन आणि जिथे सोडलं तिथेच राहतं. ग्रेट बॅरियर रीफच्या बाजूला स्पायनी क्रोमिस म्हणून एक डॅमसेल मासा आहे, त्यालाही वाहत जाणारी पिल्लं नाहीत. प्रवाळातल्या माशांत असे अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

परिणाम असा की काही किलोमीटर अंतरावरच्या दोन खाड्यांतले बांगाई जनुकांनी वेगळे निघतात. एक खाडी रिकामी केली तर शेजारच्या खाडीतून पिल्लं येऊन ती भरत नाही.

आणि ज्या गोष्टीमुळे तो तिथे अडकलाय, तिच्यामुळेच तो माझ्यासारखीला घरात वाढवता येतो. क्लाउनफिशच्या पिल्लांना पहिले दिवस रोटिफर (पाण्यातले अतिसूक्ष्म जीव) लागतात, रोटिफरना हिरवं शेवाळपाणी लागतं, आणि सगळं घर प्रयोगशाळा होतं. बांगाईचं पिल्लू पहिल्याच दिवशी आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव, त्यांची अंडी घरी फोडता येतात) खातं. बाटली, एअरपंप आणि मीठ एवढ्यावर भागतं.

८ डिसेंबर

अर्चिन, म्हणजे काटेरी गोळ्यासारखा समुद्री प्राणी, त्याची नक्कल तयार केली.

बांगाईच्या मूळ जागी त्याचा सगळा संसार डायाडेमा सेटोसम नावाच्या लांब काट्यांच्या काळ्या सी अर्चिनभोवती असतो. मासा एवढासा, तोंडात मावेल त्याचा घास. सिंहमासा किंवा बांगड्याएवढा कुठलाही शिकारी जवळ आला की सगळा घोळका काट्यांत शिरतो. पिल्लं काट्यांच्या अगदी मुळाशी राहतात, काही समुद्रपुष्पांतही शिरतात. मोठे मासे काट्यांच्या वरच्या बाजूला.

खरा डायाडेमा मी एकदा एका हौशी मित्राच्या टाकीत जवळून पाहिलाय. वर मधोमध नारिंगी कडं असलेला एक फुगा, तो गुदद्वाराचा. बाजूला पाच पांढरे ठिपके. काट्यांच्या ओळींमध्ये निळ्या चकाकत्या रेघा. हाताची सावली पडली की काटे त्या बाजूला वळतात. डोळे नाहीत, पण प्रकाशातला फरक अंगभर कळतो. काटे ठिसूळ, टोचले की आत तुटतात. मित्राचं बोट दोन दिवस जांभळं होतं.

मी खरा ठेवणार नाही. त्याला चरायला भरपूर शेवाळ हवं आणि रात्री तो टाकीभर हिंडतो, काय पाडेल सांगता येत नाही. त्याऐवजी: पाण्यात घट्ट होणाऱ्या इपॉक्सी पुट्टीचा लिंबाएवढा गोळा, त्यात काळे केबल टाय (वायरी बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या) दाट खोचले, कापलेली टोकं बाहेर, वेगवेगळ्या लांबीची. गोळ्याखाली दगड, म्हणजे तो तरंगत नाही. आठवडाभर बादलीत भिजत ठेवलाय. आई म्हणाली, "हे काय, भांडी घासायचा ब्रश?" दिसतो तसाच.

१५ डिसेंबर

मासे आले. पाच, टाकीत जन्मलेले, चार-साडेचार सेंटिमीटरचे. पिशवी तरंगत ठेवली, मग नळीने थेंब थेंब पाणी सोडत तासभर घेतला. थेट मोठ्या टाकीत सोडले नाहीत, आधी वेगळ्या छोट्या टाकीत क्वारंटाइन. याचं कारण एक विषाणू आहे, इरिडोव्हायरसच्या गटातला, बांगाईंमध्ये आढळलेला. मासा काळवंडतो, कोपऱ्यात तरंगतो, जोरजोरात कल्ले हलवतो, आणि मग काही उपाय चालत नाही. तो मुख्यतः पकडून आणलेल्या, बरेच दिवस एकत्र कोंडलेल्या माशांच्या खेपांतून आलेला. जंगली आणि पैदास केलेले एका पाण्यात ठेवायचे नाहीत, हा नियम म्हणूनच.

संध्याकाळी फ्रोजन मायसिस (कोळंबीसारखे छोटे जीव) दिलं. तिघांनी लगेच खाल्लं. दोन बघत बसले.

२२ डिसेंबर

पाचही खातात. काल एका दुकानात मीठ आणायला गेले होते. तिथे पंधरा-वीस बांगाई एका छोट्या टाकीत, दोन तळाशी आडवे. विचारलं कुठून आणले, तर उत्तर, "वाइल्ड आहेत ताई, रंग बघा ना." रंगात काहीच फरक नसतो. दोन्ही सारखेच काळे-पांढरे.

राग आला म्हणून आकडे इथे लिहून ठेवते. २००७ मध्ये आययूसीएनने (धोक्यातल्या जातींची यादी ठेवणारी जागतिक संस्था) या माशाला संकटग्रस्त ठरवलं, तेव्हा वर्षाला सात ते नऊ लाख मासे पकडले जातात असा अंदाज होता आणि त्या सगळ्या बेटांवरची एकूण संख्या चोवीस लाखांच्या घरात. ज्या माशाची मादी एका वेळी पन्नास अंडी घालते त्याच्यासाठी हा हिशेब कसा जुळणार? त्याच वर्षी हेगच्या साइटिस परिषदेत (वन्यजीवांच्या व्यापारावरचा जागतिक करार) अमेरिकेने याला दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे व्यापारावर नियंत्रण असलेल्या यादीत, घालायचा प्रस्ताव मांडला आणि मागे घेतला. २०१६ मध्ये जोहान्सबर्गला युरोपीय संघाने मांडला, तोही मागे गेला. त्याच वर्षी अमेरिकेने स्वतःच्या कायद्यात याला धोक्यातली जात म्हणून घेतलं. इंडोनेशियाने २०१८ मध्ये मर्यादित संरक्षण दिलं. ते वर्षातल्या ठरावीक महिन्यांत पकडायला बंदी असं आहे.

पकडणं हा एकच भाग. बांगाईच्या किनाऱ्यावर अर्चिन आणि समुद्रपुष्पं लोक खायला आणि दुसऱ्या माशांना घालायला गोळा करतात, त्यामुळे पिल्लांचा आसरा जातो. मग मोठे मासेच त्यांना खातात. किनाऱ्यावरच्या माणसाला अर्चिन सोडून दे म्हणायचं तर त्याच्या ताटात दुसरं काय, हेही सांगावं लागेल. मला ते सांगता येत नाही. मासे पकडणारेही तिथलेच गरीब कोळी, आणि दुकानातल्या किमतीतलं त्यांच्या हातात फार थोडं पडतं.

उलट बाजूही आहे. थायलंडमध्ये २०१२ च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर पैदास सुरू झाली आणि अमेरिकेत जाणाऱ्या माशांचा बराच वाटा तिथून यायला लागला. म्हणजे जमतं.

५ जानेवारी २०२५

क्वारंटाइन संपलं, पाचही मोठ्या टाकीत. केबल टायच्या अर्चिनकडे पाहिलं, वास घेतल्यासारखं केलं आणि सोडून दिलं. मोठ्यांना त्याची फारशी गरज नाही, निदान टाकीत शिकारी नसताना.

नर कोण, मादी कोण? पुस्तकं म्हणतात नराचा दुसरा पृष्ठपर (पाठीवरचा पंख) लांब असतो, जबडा थोडा चौकोनी असतो. मी पाच माशांचे फोटो काढले, मोठे करून पाहिले, आणि माझ्या मते पाचही नर आहेत आणि पाचही माद्या आहेत. जोडी त्यांनाच ठरवू द्यायची.

१९ जानेवारी

ठरली. डाव्या कोपऱ्यात दोघं शेजारी शेजारी, आणि उरलेल्या तिघांना तिकडे फिरकू देत नाहीत. एकाच्या शेपटीचा तुकडा गेलाय. तिघांना आजच बाहेर काढून दुसऱ्या टाकीत टाकलं. शांत दिसणारा हा मासा जोडी जमल्यावर फार भांडखोर होतो. लहान टाकीत घोळका पाळायला निघालेले इथेच फसतात. समुद्रात घोळक्याने दिसतात ते वेगळं. तिथे पळायला जागा असते.

९ फेब्रुवारी

दुपारी तीनच्या सुमारास. मादी पुढाकार घेते हे वाचलं होतं, आज दिसलं. ती नराच्या अंगाला अंग लावून थरथरते, तो सरकतो, ती परत जवळ. असं सकाळपासून. तिचं पोट मागच्या बाजूला फुगलेलं आणि एक छोटी पांढरट नळी बाहेर. मग एकदम नर मागे वळला, तिच्या पोटाखाली तोंड नेलं, आणि नारिंगी दाण्यांचा एक गोळा तिच्यातून बाहेर येता येताच त्याने तोंडात ओढला. अंडी धाग्यांनी एकमेकांना बांधलेली असतात, त्यामुळे घोस सुटत नाही. सगळं काही सेकंदांत. दोन अंडी खाली पडली. ती मादीनेच खाल्ली.

नराचा गळा खाली लोंबतोय, तोंड पूर्ण मिटत नाही.

१३ फेब्रुवारी

नराचा गळा सपाट. मायसिसवर तुटून पडला. गिळली.

नवख्या नराकडून हे होतंच. टाकीजवळ हालचाल झाली, मादी पुरेशी पिकलेली नसली, अंडी फळली नसली, की गिळतात. काही बदलायचं नाही, दोघांना नीट खायला घालायचं. रोज तीन वेळा: मायसिस, कोपेपॉड, कोळंबीचे बारीक तुकडे. मादीला पुढचा घोस तयार करायला महिना तरी लागणार.

९ मार्च

परत नराच्या तोंडात अंडी. या वेळी टाकीच्या तीन बाजूंना काळा कागद लावला आणि हॉलमधली खुर्ची हलवली.

१६ मार्च

टिकलीत. नर खात नाही. मायसिस नाकाशी आलं तरी तोंड फिरवतो. दर काही मिनिटांनी जबडा उघडून अंडी आत फिरवतो, तेव्हा क्षणभर तो घोस दिसतो. पहिल्या आठवड्यात नुसता नारिंगी होता. आता प्रत्येक दाण्यात दोन काळे ठिपके. डोळे. टॉर्च न लावता, दुरून कॅमेऱ्याने बघितलं तर दिसतात.

मादी त्याच्या पुढेमागे. काचेजवळ बोट नेलं की ती अंगावर येते, तो मागे सरकतो.

आई रोज विचारते, "अगं, तो काही खातो की नाही? किती दिवस असं उपाशी ठेवायचं?" मी ठेवलेलं नाही हे तिला पटत नाही. नर पूर्ण महिनाभर जवळपास काही खात नाही. प्रत्येक खेपेला त्याचं वजन उतरतं. त्यामुळे लगेच पुढची अंडी मिळाली तर आनंद मानू नये. त्याला मध्ये सुट्टी हवी.

२३ मार्च

रात्री नराला पिल्लांच्या टाकीत हलवलं. दिवे बंद, जाळी नाही. जाळीत अडकला की तो घाबरून सगळं थुंकतो. मोठी काचेची बरणी पाण्यात आडवी धरली, दुसऱ्या हाताने त्याला हळूहळू तिच्यात वळवलं, आणि पाण्यासकट उचललं. छोटी टाकी ४० लिटरची, पाणी मोठ्या टाकीतलंच, स्पंज फिल्टर, एक हीटर, आणि मधोमध आईचा तो ब्रश.

३० मार्च

गुढीपाडवा. गुढी उभारून झाल्यावर टाकीशी गेले तर घोस नाहीसा. क्षणभर धस्स झालं. मग नराने जबडा उघडला आणि आत दाण्यांऐवजी शेपट्या वळवळताना दिसल्या. अंडी फुटली आहेत. पिल्लं तोंडातच आहेत, बलक संपेपर्यंत तिथेच राहतील.

आर्टेमियाची बाटली आजपासून सुरू, सराव म्हणून. दोन लिटरची प्लास्टिकची बाटली उलटी, बूड कापलेलं, लिटरला २५ ग्रॅम मीठ, तळातून जोराची हवा, वर दिवा. २८ अंशांना चोवीस तासांत फुटतात. मग हवा बंद करून खाली प्रकाश धरायचा: जिवंत नारिंगी पिल्लं प्रकाशाकडे खाली येतात, रिकामी टरफलं वर तरंगतात. खालून नळीने ओढून घ्यायची, बारीक जाळीतून गोड्या पाण्याने धुवायची. टरफलं पिल्लांच्या पोटात गेली तर आतडं अडतं, म्हणून हे काम घाईत करायचं नाही.

७ एप्रिल

सकाळी दिवा लावला तर केबल टायच्या मुळाशी काहीतरी हललं. मोजले, परत मोजले: ३४. सेंटिमीटरही नाहीत. तीन पट्टे आहेत, शेपटी दुभंगलेली आहे, पांढरे ठिपकेही. पंख अंगाच्या मानाने इतके मोठे की पिल्लू कमी, पंखच जास्त. सगळी काट्यांत, डोकी आतल्या बाजूला. मी काचेसमोरून गेले की एकदम सगळी आणखी आत. यांना हे कुणी शिकवलं नाही. अर्चिन काय असतो हे त्यांच्या आईबापांनीही कधी पाहिलेलं नाही.

नराचा गळा अजून थोडा जड वाटत होता. दुपारपर्यंत आणखी तीन आली. संध्याकाळी तो मायसिस बघायला लागला, त्याच क्षणी त्याला बरणीत घेऊन मोठ्या टाकीत नेलं. ज्या तोंडात महिनाभर जपलं त्याच तोंडाने तो आता त्यांना खाऊ शकतो. पहिल्या दिवशी त्याला थोडंसंच दिलं.

आर्टेमिया दिल्यावर दहा मिनिटांत पिल्लांची पोटं नारिंगी.

१३ एप्रिल

रोज चार वेळा खाणं, दोनदा तळ साफ, रोज दहा टक्के पाणी बदल. दोन पिल्लं गेली, दोन्ही सुरुवातीपासून वाकडी होती.

आर्टेमिया फुटल्यावर काही तासच पौष्टिक असते. तिच्या अंगातला साठा ती स्वतःच वापरून टाकते. आणि तसंही तिच्यात डीएचए हे मेदाम्ल जवळजवळ नसतं, जे समुद्री पिल्लांना हवंच. म्हणून फुटल्यावर साधारण अर्ध्या दिवसाने, तोंड उघडल्यावर, तिला तेलाच्या मिश्रणात काही तास ठेवायचं. ती ते पोटात भरते, मग ती पिल्लांना. आजच्यासाठी ताजी, उद्यासाठी तेलातली, अशा दोन बाटल्या आलटून पालटून. स्वयंपाकघराच्या ओट्याचा एक कोपरा आता माझा. घरात यावर मतभेद आहेत.

२० एप्रिल

डीएचए कमी पडलं तर काय होतं ते पाहिलं. संध्याकाळी वीज गेली आणि अचानक आली, दिवा झटक्यात लागला. एक पिल्लू गरगर फिरलं, ताठ झालं, तळाशी पडलं. काही सेकंदांनी उठलं. दुसरं उठलं नाही. बांगाई पिल्लांमध्ये हे ओळखीचं आहे. अचानक घाबरून मरणं. सुदृढ दिसणारीही जातात. तेलातल्या आर्टेमियाचं प्रमाण वाढवलं. दिव्याला टायमर लावला, आणि खोलीतला साधा दिवा आधी, टाकीचा मागाहून.

एअरपंपाला बॅटरीवाला जोडून ठेवलाय. उन्हाळ्यात वीज जाणार हे गृहीतच.

४ मे

दुपारी पाणी ३०.५ वर गेलं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि पिल्लांच्या टाकीत खाणं भरपूर, त्यामुळे धोका दुप्पट. टाकीवरचं झाकण काढून छोटा पंखा लावला. बाष्पीभवनाने पाणी २८ ला आलं. पण उडतं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं. म्हणून भर घालताना गोडं आरओचं पाणी घालायचं. क्षारता रोज बघतेय.

२८ आहेत. सगळ्यात मोठं दीड सेंटिमीटर. गोठवलेले कोपेपॉड खायला लागली.

१८ मे

वाचनात एक गोष्ट मिळाली जी मला बरेच दिवस खटकत होती. बांगाई आता फक्त बांगाईत नाही. सुमारे ४०० किलोमीटर दूर, उत्तर सुलावेसीच्या लेम्बे सामुद्रधुनीत २००० च्या आसपासपासून त्याचे घोळके आहेत. मासा स्वतः तिथे गेला नाही, व्यापाऱ्यांच्या हातून सुटला. बालीत गिलिमानुक खाडीतही तसंच. तिथे तो फोफावलाय, अर्चिन आणि समुद्रपुष्पांतल्या जागेसाठी तिथल्या माशांशी स्पर्धा करतो. स्वतःच्या घरी संकटग्रस्त, दुसऱ्याच्या घरी उपरा. "लेम्बेत भरपूर आहेत, मग संकट कसलं" असं म्हणणारे असतात. पण लेम्बेतले मासे म्हणजे बांगाईतल्या वेगवेगळ्या खाड्यांतले वेगवेगळे वंश नव्हेत. त्यातली एक खाडी संपली की तिच्यातलं जे होतं ते लेम्बेतून परत आणता येत नाही.

माझ्या टाकीतल्या पिल्लांनाही हेच लागू. ही पिल्लं कुठल्या खाडीतल्या वंशाची, कोणी सांगू शकत नाही. यांना कधी बांगाईला सोडायचा विचारही करायचा नाही. यांचं काम एवढंच, की दुकानातल्या टाकीत एक पकडलेला मासा कमी यावा.

अर्चिनबद्दलही चिंतेचं वाचलं. कॅरिबियनमधले डायाडेमा १९८३-८४ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये प्रचंड संख्येने मेले. २०२२ च्या साथीचं कारण एक सूक्ष्म एकपेशीय जीव निघाला. त्यानंतर तांबड्या समुद्रात डायाडेमा सेटोसम, म्हणजे बांगाईच्या आसऱ्याचीच जात, तशीच मेली. ती साथ इंडोनेशियाकडे सरकली तर मासे पकडणं थांबवूनही फार काही हाताला लागणार नाही.

१ जून

पिल्लं दोन सेंटिमीटरच्या पुढे. काटे सोडून बाहेर यायला लागली आहेत, पण दिवा मालवायच्या वेळी अजून सगळी आत. एकमेकांना ढकलाढकली सुरू. टाकीत दुसरा केबल टायचा अर्चिन ठेवला. वाद थोडा थंडावला.

नराने गेल्या आठवड्यात परत अंडी घेतली. मादीला दोन आठवडे वेगळं ठेवायचं ठरवलं होतं. तिने त्याआधीच उरकलं. हा घोस झाला की दोघांमध्ये मोकळी जाळी लावते. नराचं अंग बारीक दिसतंय.

१५ जून

वाटप ठरलं. २६ पिल्लं आहेत. तीन सेंटिमीटरची झाल्याशिवाय कुणाला द्यायची नाहीत आणि फ्रोजन अन्न खाणारीच द्यायची. घेणाऱ्याला तीन गोष्टी लिहून देणार: जोडी जमली की बाकीचे काढा, पकडलेल्या माशांबरोबर ठेवू नका, आणि या सगळ्यांची एकमेकांशी पैदास करू नका, ती सख्खी भावंडं आहेत.

नाशिकमध्ये एका हौशी गृहस्थांकडे वेगळ्या पैदासीतली जोडी आहे, त्यांच्याशी बोलणं झालं. त्यांची सहा पिल्लं माझ्याकडे, माझी सहा त्यांच्याकडे, जुलैत, पाऊस जरा उघडला की. तोवर क्वारंटाइनची टाकी रिकामी करून धुवायची आहे आणि सॉल्ट मिक्स संपत आलंय.